एका पिंपाची व्हिस्की

युरोपांत दुसरें महायुद्ध सुरू होऊन पांच महिने लोटले होते. स्कॉटलंडमधील ग्लेनलिव्हेट नांवाच्या जुन्या डिस्टिलरींत ३ फेब्रुवारी १९४० रोजीं ताजा मद्यार्क एका ओकच्या लाकडी पिंपांत भरण्यांत आला. त्या पिंपाचा क्रमांक होता ३४०. युद्ध संपलें, हिंदुस्थान स्वतंत्र झाला, माणूस चंद्रावर जाऊन परत आला, तरी तें पिंप कोठारांत पडूनच राहिलें. तें रितें करून त्यांतील व्हिस्की बाटल्यांत भरली गेली ती २०२० सालीं. म्हणजे मध्यें ८० वर्षें गेलीं. एवढ्या काळानंतर त्यांतून अवघ्या २५० बाटल्या निघाल्या, आणि पुढील वर्षीं त्या जगापुढें आल्या. ज्या पितापुत्रांच्या देखरेखीखालीं तें पिंप भरलें गेलें होतें, ते दोघेही तोंपर्यंत हयात नव्हते.

या हकीकतींत वयापेक्षां अधिक विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. हें पिंप ग्लेनलिव्हेटच्या मालकांचें नव्हतें. तें एल्गिन नांवाच्या लहानशा शहरांतील एका किराणा-दुकानदाराच्या पेढीचें होतें. गॉर्डन अँड मॅकफेल हें त्या पेढीचें नांव. चहा, किराणा माल आणि मद्य विकण्यासाठीं ती १८९५ सालीं निघाली. जवळजवळ शंभर वर्षें जिची स्वतःची भट्टी नव्हती, अशा पेढीनें दुसऱ्याच्या भट्टींतला माल विकत घेऊन तो पिढ्यानपिढ्या कां सांभाळावा? आणि अखेरीस एकाच पिंपांतला माल, त्यांत दुसऱ्या कशाचीही भर न घालतां, कां विकावा? मद्य घ्यावें कीं न घ्यावें हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु एका धंद्यांत वस्तूच्या नांवाशीं इमान कसें राखलें जातें व कसें सुटतें, हें पाहण्यास मद्य न घेणाऱ्यासही हरकत नसावी.

प्रथम ही वस्तु तयार कशी होते तें थोडक्यांत पाहूं. जव भिजवून, मटकीस आणतात तसे त्यांस मोड आणतात. मोड आल्यानें दाण्यांतील पिष्टाची साखर होण्याची तयारी होते. मग ते मोड वाढण्यापूर्वींच जव सुकवतात. याचेंच नांव माल्ट. कांहीं ठिकाणीं सुकवण्यासाठीं पीटचा धूर देतात. पीट म्हणजे दलदलींत हजारों वर्षें दडपून कुजलेलें शेवाळ व गवत. त्याच्या धुराचा वास शेवटपर्यंत व्हिस्कींत राहतो. सुकलेले जव भरडून, गरम पाण्यांत कालवून, तें गोड पाणी यीस्टनें आंबवतात, आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुधा दोन वेळां उकळून त्याची वाफ थंड करून घेतात. हातीं येतो तो पाण्यासारखा बिनरंगी, तिखट मद्यार्क. त्यांत थोडें पाणी घालून, बहुतेक वेळां शेंकडा ६३.५ या प्रमाणावर आणून, तो पिंपांत भरतात. पिंप ओकचेंच हवें, ७०० लिटरांहून मोठें नको, व मद्यार्क त्यांत निदान तीन वर्षें स्कॉटलंडमध्येंच राहिला पाहिजे, असा कायदा आहे. तोंपर्यंत त्यास व्हिस्की म्हणतां येत नाहीं.

आतां शब्दांचा घोटाळा. सुशिक्षित माणसेंही ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एका पिंपांतील माल असें समजतात. तसें नाहीं. सिंगल माल्ट म्हणजे केवळ मोड आणलेल्या जवाची व एकाच डिस्टिलरींत गाळलेली व्हिस्की. ‘सिंगल’ हें विशेषण डिस्टिलरीचें आहे, पिंपाचें नव्हे. एखाद्या नामांकित डिस्टिलरीची १२ वर्षांची बाटली घेतली, तर तींत अनेक पिंपांतील, पुष्कळदां शेंकडों पिंपांतील माल एकत्र केलेला असतो. १२ हा आंकडा त्यांतील सर्वांत कोवळ्या पिंपाचा. असें करण्यांत लबाडी नाहीं. मुंबईस आज घेतलेली बाटली आणि दोन वर्षांनीं लंडनास घेतलेली बाटली यांची चव एक असावी, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते, व ती पुरी करावयाची तर या पिंपाची उणीव त्या पिंपानें भरून काढावी लागते. ब्लेंडेड व्हिस्की ही त्याच्याही पुढची पायरी. तींत अनेक डिस्टिलऱ्यांचें माल्ट आणि गहूं, मका अशा धान्यांची सौम्य व्हिस्की यांचें मिश्रण असतें.

सिंगल कास्क म्हणजे एका पिंपाची व्हिस्की. तेथें हें कांहींच नाहीं. एक पिंप फोडलें, बाटल्या भरल्या, पिंप संपलें कीं तो माल जगांतून संपला. गांवोगांव रायवळ आंब्याच्या झाडांस त्यांच्या फळांवरून शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या अशीं नांवें पडलेलीं असतात. बागवान अढी लावतांना दहा झाडांचे आंबे एकत्र करतो, आणि पाटी एका भावानें विकतो. पण गांवांतला जाणता माणूस खोबऱ्याचे आंबे वेगळे मागून घेतो. यंदा त्या झाडास मोहोरच आला नाहीं, तर त्यास पर्याय नसतो. एका पिंपाची व्हिस्की मागणारा मनुष्य अशाच जातीचा.

परंतु एकाच डिस्टिलरींतला, एकाच दिवशीं गाळलेला मद्यार्क दोन पिंपांत घातला, तर तो दोन तऱ्हांचा कां व्हावा? याचें उत्तर लाकडांत आहे. ओकच्या लाकडांत असे पदार्थ असतात, कीं आंच दिल्यावर त्यांपासून व्हॅनिलासारखा, नारळासारखा, लवंगेसारखा सुवास निघतो. पिंपाच्या आंतल्या अंगास जी कोळशाची पापडी असते, ती नव्या मद्यार्कांतील गंधकाचा उग्र वास शोषून घेते. लाकडाच्या रंध्रांतून हवा अगदी हळूं आंत शिरते आणि तिच्यामुळें मद्यार्क मऊ पडत जातो. व्हिस्कीचा सोनेरी रंगही मूळचा नव्हे, लाकडाचा. आतां प्रत्येक पिंप निराळ्या झाडांच्या फळ्यांचें. एकास आंच कमी लागलेली, दुसऱ्यास जास्त. एक कोठाराच्या ओलसर तळाशीं निजलेलें, दुसरें छपराखालच्या मांडणीवर. त्यांतून पिंपाचें पूर्वायुष्यही महत्त्वाचें. अमेरिकेंतील कायद्याप्रमाणें बोर्बन नांवाच्या तेथील व्हिस्कीस दर वेळीं कोरें, आंतून जाळलेलें ओकचें पिंप लागतें. त्यामुळें तेथें एकदां वापरलेलीं सुमारें २०० लिटरांचीं पिंपें मोठ्या संख्येनें मोकळीं होतात व स्कॉटलंड तीं विकत घेतें. त्यांच्याच फळ्या घेऊन सुमारें २५० लिटरांचें पिंप बांधतात, त्यास हॉग्सहेड म्हणतात. शेरी ही स्पेनची द्राक्षांची मदिरा; तिचीं पिंपें सुमारें ५०० लिटरांचीं असतात, आणि त्यांत राहिलेल्या व्हिस्कीस मनुका-खारकांची चव येते. तिसऱ्या-चौथ्या खेपेस वापरलेलें पिंप मात्र देऊन देऊन थकलेलें असतें. त्यांत वीस वर्षें ठेवूनही मद्यार्क फिकाच राहूं शकतो. वय वाढलें म्हणजे गुण वाढलाच, असें नव्हे, हें येथें ध्यानांत ठेवावें.

पिंपांतून माल उडूनही जातो. या घटीस स्कॉटलंडांत देवदूतांचा वांटा म्हणतात. तेथील थंड, दमट हवेंत ही घट वर्षास सुमारें शेंकडा २ धरतात. २५० लिटरांचें पिंप घेतलें, तर या हिशेबानें दहा वर्षांनंतर सुमारें २०४ लिटर उरतील, व वीस वर्षांनंतर सुमारें १६७. ७०० मिलिलिटरांच्या बाटल्या भरल्या, तर पहिल्या वेळीं २९० च्या आसपास, दुसऱ्या वेळीं २४० च्या आंत. एका पिंपाच्या बाटल्यांची संख्या बहुधा दोन-तीन शेंकड्यांत कां असते, हें यावरून कळेल.

उडून जातें तें काय, पाणी कीं मद्यार्क? सोलापुराहून अक्कलकोटाकडे जातांना वळसंग लागतें. वैशाखांत त्या बाजूच्या काळ्या रानांवरून कोरडी झळ वाहते, पारा ४० अंशांच्या वर असतो, आणि घरांतल्या मातीच्या माठांतील पाणी कोणी न पितांही सांजेपर्यंत खालीं गेलेलें दिसतें. तोच माठ आषाढांत ओलसर हवेंत ठेवला, तर पाणी फारसें हटत नाहीं. कारण हवेनें आधींच पोटभर पाणी प्यालेलें असतें. लाकडी पिंपाचा न्याय हाच. स्कॉटलंडच्या दमट कोठारांत हवेस पाण्याची भूक नाहीं, म्हणून पाण्यापेक्षां मद्यार्क अधिक उडतो आणि वर्षागणिक व्हिस्कीची तीव्रता उतरत जाते; ग्लेनलिव्हेटचें तें १९४० चें पिंप अखेरीस शेंकडा ४४.९ वर आलें होतें. वळसंगसारख्या कोरड्या उन्हाच्या हवेंत असें पिंप ठेवलें, तर पाणीच आधीं पळेल आणि उरलेला माल चढत्या तीव्रतेचा होईल. शेंकडा ४० च्या खालीं उतरलेल्या मालास तर कायद्यानें व्हिस्की म्हणून विकतांच येत नाहीं. त्यामुळें जुनें पिंप सांभाळणारास दर थोड्या वर्षांनीं त्यांतून नमुना काढून मोजावा लागतो. उशीर झाला, तर ऐंशी वर्षांची ठेव बुडते.

आतां त्या किराणा-दुकानदारांकडे वळूं. एकोणिसाव्या शतकांत डिस्टिलऱ्या आपला माल बाटल्यांतून क्वचितच विकीत. त्या पिंपें विकीत, आणि दुकानदार तीं आणून आपल्या तळघरांत ठेवीत व गिऱ्हाइकाच्या भांड्यांत किंवा आपल्या नांवाच्या बाटलींत माल ओतून देत. १८३० सालीं ईनियस कॉफी यानें सतत चालणाऱ्या नव्या यंत्राचा एकस्वाधिकार मिळवला. त्या यंत्रानें धान्यांचा सौम्य मद्यार्क मुबलक व स्वस्त निघूं लागला. आणि १८६० च्या कायद्यानें, कर भरण्यापूर्वींच सरकारी कुलपाखालील कोठारांत मिश्रण करण्याची मुभा मिळाली. तेव्हांपासून दुकानदारांचे दोन पंथ झाले. जॉन वॉकर, चिव्हास बंधु हे मूळचे किराणा-दुकानदारच. त्यांच्या वंशजांनीं व वारसांनीं मिश्रणाचा मार्ग धरला, आणि त्यांचीं नांवें जगाच्या पाठीवर गेलीं. दुसरा पंथ लहान राहिला. अॅबरडीनची विल्यम केडनहेड ही पेढी १८४२ पासूनची. १९७२ पासून ती कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीच्या मालकांकडे आहे. एल्गिनची गॉर्डन अँड मॅकफेल याच पंथांतली. आपलीं रितीं पिंपें डिस्टिलरीकडे पाठवावीं, त्यांत ताजा मद्यार्क भरून घ्यावा, आणि तीं पिकेपर्यंत वाट पाहावी, असा तिचा शिरस्ता होता. तिच्या जॉर्ज अर्कहार्ट यांनीं १९६८ सालीं निरनिराळ्या डिस्टिलऱ्यांचें माल्ट त्यांच्या त्यांच्या नांवानिशीं विकण्याची एक मालिका काढली. त्या काळीं त्यांतील अनेक डिस्टिलऱ्यांचीं नांवें स्कॉटलंडबाहेर कोणास ठाऊकही नव्हतीं. त्यांचा सारा माल मिश्रणांत नाहींसा होई.

पुढें १९८३ सालीं एडिंबरोजवळच्या लीथ बंदरांत पिप हिल्स व त्यांच्या मित्रमंडळानें स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी स्थापन केली. आरंभ झाला तो वर्गणी काढून आणलेल्या ग्लेनफार्क्लास डिस्टिलरीच्या पिंपापासून. या सोसायटीची गंमत अशी, कीं बाटलीवर डिस्टिलरीचें नांवच नसतें. केवळ आंकडे असतात. पहिला आंकडा डिस्टिलरीचा, टिंबानंतरचा पिंपाचा. नांवाच्या वलयाखेरीज केवळ चवीवर माल पारखावा, असें त्याचें समर्थन केलें जातें; आणि आपल्या नांवावर आपली पसंती नसलेला माल विकला जाऊं नये, ही डिस्टिलऱ्यांची अटही त्यानें पाळली जाते. १९८८ सालीं अँड्र्यू सिमिंग्टन यांनीं काढलेली सिग्नेटरी ही पेढी मात्र नांव, गाळल्याची व बाटल्या भरल्याची तारीख, पिंपाचा क्रमांक, एकूण बाटल्या, हें सारें लेबलावर देण्यासाठीं प्रसिद्ध झाली. कांहीं डिस्टिलऱ्या पिंपें विकतांना आणखी एक चतुराई करतात. एका पिंपांत दुसऱ्या डिस्टिलरीचें चमचाभर माल्ट टाकून देतात! चवींत फरक पडत नाहीं. पण कायद्याच्या दृष्टीनें तो माल एका डिस्टिलरीचा राहत नाहीं, आणि घेणारास तें प्रसिद्ध नांव वापरतां येत नाहीं. एका चमच्यानें कुलशील बदलण्याचा असा प्रकार दुसऱ्या कोणत्या धंद्यांत क्वचितच सांपडेल.

असा स्वतंत्र व्यापारी पिंपांतला माल होतां होईल तों जसाच्या तसा देतो. मोठ्या कंपन्या बहुधा पाणी घालून शेंकडा ४० किंवा ४३ वर आणतात. हा पुष्कळदां पिंपांत असलेल्या तीव्रतेवरच बाटल्या भरतो, आणि पाणी किती घालावें तें पिणारावर सोंपवतो. सर्व बाटल्यांचा रंग सारखा दिसावा म्हणून जळलेल्या साखरेचा रंग घालण्यास कायद्याची मनाई नाहीं. तो हा बहुधा घालीत नाहीं. तिसरी गोष्ट गाळणीची. थंडींत जसें तूप थिजतें, तसे व्हिस्कींतील कांहीं स्निग्ध पदार्थ थंड पाणी किंवा बर्फ पडतांच धुक्यासारखे दिसूं लागतात. गिऱ्हाइकास तें गढूळ वाटतें, म्हणून मोठ्या कारखान्यांत माल अतिशय थंड करून बारीक गाळून घेतात. त्यांत चवीचाही कांहीं अंश जातो, असें स्वतंत्र व्यापाऱ्यांचें म्हणणें आहे. शेंकडा ४६ वर किंवा त्याहून तीव्र ठेवलेला माल बाटलींत सहसा गढूळ होत नाहीं, म्हणून त्यांच्या पुष्कळ बाटल्या ४६ वर असतात.

त्यांचें अधिक मोठें काम मात्र वेगळेंच, आणि तें त्यांच्याही हातून न ठरवतां झालेलें. १९८३ च्या सुमारास मद्याचा खप घसरला आणि स्कॉटलंडांत एकामागून एक डिस्टिलऱ्या बंद पडल्या. लिनलिथगो गांवची सेंट मॅग्डलीन ही त्यांतलीच. तिच्या इमारतींत पुढें राहण्याच्या खोल्या झाल्या. पोर्ट एलेन आणि ब्रोरा याही त्याच वर्षीं थांबल्या. मालकांनीं भट्ट्या विझवल्या, तरी या लहान व्यापाऱ्यांच्या कोठारांत त्यांचीं पिंपें शिल्लक होतीं. तीं एकेक करून निघालीं, तेव्हां कुठें जगास कळलें, कीं मिश्रणांत आजवर निनांवी पडत होतें तें काय होतें. ब्रोरा २०२१ सालीं व पोर्ट एलेन २०२४ सालीं पुन्हां सुरू झाल्या. बंद पडलेल्या डिस्टिलरीस चाळीस वर्षांनीं भांडवल मिळावें, एवढी कीर्ति तिला तिच्या मृत्यूनंतर मिळाली, आणि त्या कीर्तींत अशा पिंपांचा वांटा मोठा आहे.

तथापि एका पिंपाचा माल म्हणजे उत्तमच, असें समजणें भाबडेपणाचें होईल. मिश्रण करणारा जाणकार वाईट पिंप झांकतो, तसा चांगल्या पिंपांचा मेळही जमवतो, आणि ती कला मोठी आहे. एकट्या पिंपास दोष लपवण्यास जागा नसते. कोठें लाकडाचा तुरटपणा अति झालेला, कोठें शेरीच्या पिंपास गंधकाची धुरी दिलेली, तिचा वास राहिलेला. तेथें गिऱ्हाइकास आधार असतो तो निवडणाऱ्या पेढीच्या जिभेचा व तिच्या शब्दाचा. स्कॉच व्हिस्कीविषयींच्या २००९ च्या नियमांत सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन व ब्लेंडेड असे पांच वर्ग सांगितले आहेत; एका पिंपाचा वेगळा वर्ग त्यांत नाहीं. लेबलावरचे आंकडे म्हणूनच महत्त्वाचे. गाळल्याची तारीख, बाटल्या भरल्याची तारीख, पिंपाची जात व क्रमांक, बाटल्यांची एकूण संख्या, तीव्रता. २५० लिटरांच्या पिंपाचें नांव घालून त्यांतून वीस वर्षांनीं ५०० बाटल्या निघाल्या असें कोणी लिहील, तर शाळेंतील मुलासही त्रैराशिकानें तें खोटें पाडतां येईल.

त्याच नियमांनीं आणखी एक बदल केला. २३ नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच बाटल्यांत भरल्याखेरीज देशाबाहेर नेतां येत नाहीं. बाटल्या स्कॉटलंडांतच भराव्या लागतात. त्यापूर्वीं परदेशचे व्यापारी पिंप नेऊन आपल्या गांवीं बाटल्या भरूं शकत होते. भेसळीस आळा बसावा हा हेतु रास्तच होता. परंतु या धंद्यावर मोठें संकट आलें तें कायद्यानें नव्हे, तर माल्टच्या लोकप्रियतेनें. ज्या डिस्टिलऱ्या पूर्वीं पिंपें विकण्यास उत्सुक असत, त्यांस आतां स्वतःच्या नांवानें सर्व माल खपवतां येतो. मग त्या दुसऱ्यास कशाला देतील? २०२३ सालीं गॉर्डन अँड मॅकफेलनेंच जाहीर केलें, कीं २०२४ पासून दुसऱ्या डिस्टिलऱ्यांचा नवा मद्यार्क आपण आपल्या पिंपांत भरणार नाहीं. पेढीजवळ आतां स्वतःच्या दोन डिस्टिलऱ्या आहेत, आणि जुना सांठा अजून कैक वर्षें पुरेल. तरीही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेली पिंपें भरून ठेवण्याची रीत तिनें आपल्या हातानें थांबवली. दुसरीकडे, पिंप हें गुंतवणुकीचें साधन म्हणून विकणारे दलाल निघाले आहेत, आणि एकच पिंप अनेकांस विकल्याच्या, किंवा नसलेलें पिंप विकल्याच्या तक्रारी ब्रिटनमध्यें पोलिसांपर्यंत गेल्या आहेत. पिंप कोठारांत कुलपाखालीं असतें, मालकाच्या हातीं केवळ कागद असतो. त्यामुळें हें साधतें.

हिंदुस्थानांत या सर्वांचा संबंध काय, असें कोणी विचारील. सोलापूर जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा. उसाचा रस आटवून साखर काढल्यावर जी काळी मळी उरते, तिच्यापासून मद्यार्क गाळतात, आणि अशा मळीच्या मद्यार्कावर किंवा धान्याच्या बेचव मद्यार्कावर थोडें माल्ट व रंग-सुवास चढवून या देशांतील पुष्कळशी ‘व्हिस्की’ तयार होते. युरोपच्या कायद्यांत व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून मळीच्या मालास तेथें त्या नांवानें प्रवेश नाहीं. वस्तु बेकायदा नाहीं. पण नांव उसनें आहे.

हें उसनें नांव स्वतःचें करण्याचा प्रयत्न बंगळुरास झाला. तेथील अमृत डिस्टिलरीज ही कंपनी राधाकृष्ण जगदाळे यांनीं १९४८ सालीं स्थापन केली. जगदाळे हें आडनांव मराठी माणसास परकें नाहीं. त्यांच्या पुढील पिढीनें निव्वळ जवाची सिंगल माल्ट तयार करून ती २००४ सालीं प्रथम विकली, ती बंगळुरास नव्हे, तर खुद्द स्कॉटलंडांत, ग्लासगो शहरीं! बंगळुराच्या हवेंत पिंपांतील घट वर्षास शेंकडा १० च्या घरांत जाते. २०१३ सालीं या कंपनीनें ८ वर्षांची एक व्हिस्की काढली, तिचें नांवच ‘हावरे देवदूत’ अशा अर्थाचें ठेवलें.

गोमंतकांत कुंकळ्ळी येथें जॉन डिस्टिलरीजची भट्टी आहे. तिची पॉल जॉन ही सिंगल माल्ट २०१२ सालीं लंडनास प्रथम प्रकट झाली, आणि तिची पहिली बाटली एका पिंपाचीच होती. पिंपाचा क्रमांक १६१, आणि तोच लेबलावर. अनोळखी देशाच्या मालानें परीक्षकांपुढें प्रथम यावें तें मिश्रणाचा आडोसा न घेतां, यांत धैर्य होतें व व्यवहारही होता. गोव्याच्या उष्ण, दमट हवेंत घट वर्षास सुमारें शेंकडा ८ सांगतात. २०० लिटरांच्या पिंपांत पांच वर्षांनीं सुमारें १३२ लिटर, दहा वर्षांनीं ८७, आणि वीस वर्षांनीं ३८ लिटर उरतील, असा हिशेब निघतो. अर्थात् येथें ऐंशी वर्षें ठेवण्याची गोष्टच नको. मात्र उष्णतेनें लाकडाशीं देवघेव वेगानें होते, त्यामुळें येथील पांच-सहा वर्षांच्या मालास कोवळा म्हणून नाकारणें योग्य नाहीं. महाराष्ट्रांतही नाशिक जिल्ह्यांत दिंडोरीस तयार झालेली एक सिंगल माल्ट २०२२ सालीं बाजारांत आली आहे. खुद्द स्कॉचची वाटही आतां रुंदावेल. जुलै २०२५ मध्यें हिंदुस्थान व ब्रिटन यांच्यांत झालेल्या व्यापारी करारांत, तिच्यावरील शेंकडा १५० ची जकात प्रथम ७५ वर व दहा वर्षांत ४० वर आणण्याचें ठरलें.

स्वतंत्र बाटल्या भरणाऱ्या व्यापाऱ्याचें या देशांतील जवळचें भावंड शोधूं गेल्यास तें व्हिस्कींत सांपडत नाहीं, काजूच्या फेणींत सांपडतें. मार्चपासून मेपर्यंत गोव्याच्या डोंगरकपारींत लहान लहान भट्ट्या पेटतात. बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेस उर्राक निघतें, आणि पुढच्या धारेस फेणी. ती लाकडी पिंपांत न ठेवतां पूर्वापार मोठ्या कांचेच्या बरण्यांत ठेवतात, म्हणून तिला रंग चढत नाहीं व देवदूतांस फारसें कांहीं मिळत नाहीं. २००९ सालीं काजूच्या फेणीस भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, म्हणजे तें नांव गोव्याबाहेरच्या मालास लावतां येत नाहीं. येथेंही गाळणारा एक आणि बाटल्या भरणारा दुसरा, असें पुष्कळदां असतें. बाटल्या भरणारा व्यापारी अनेक भट्ट्यांची फेणी विकत घेतो, ती एकत्र करतो, आणि आपल्या नांवाचें लेबल लावतो. एका गांवच्या भट्टीची फेणी दुसऱ्या गांवच्या फेणीहून निराळी लागते, हें पिणारे जुने लोक जाणतात, व ओळखीच्या घरून बाटली भरून आणतात. दुकानांतील बाटलीवर मात्र ती कोणत्या डोंगरावरच्या बोंडांची, कोणत्या हंगामाची, व कोणाच्या भट्टींतली, हें सामान्यतः लिहिलेलें नसतें.